चुंबळ नसलेली बाई

हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे. ऐकीव नाही.

आजवर फक्त दोघांना सांगितलं. पहिला माझा नवरा अरविंद. तो म्हणाला, "दमली आहेस तू, जरा झोप." दुसरे आमचे डॉक्टर. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर मी सांगायचं सोडूनच दिलं.

दमलेली मी होतेच. पण दमलेल्या बाईला दिसतं ते सगळं खोटंच असतं, असं थोडंच आहे?

आणि हो, या गोष्टीत रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही. जे झालं ते भर दुपारी, साडेतीन वाजता, चारही ट्यूबलाइट चालू असलेल्या हॉलमध्ये झालं.

साल १९८२. नोव्हेंबर महिना. ठिकाण वाशी.

तेव्हा वाशी अर्धी उभी होती आणि अर्धी बांबूच्या परांच्यांत होती. आमच्या बिल्डिंगसमोर दिवसभर बांधकाम चालायचं. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाया खालून वर, वरून खाली. मी सकाळी ओट्यापाशी उभी, मग खाडीपुलावरून फोर्टला जाणाऱ्या बसमध्ये उभी, ऑफिसात फाइली काढायला उभी, संध्याकाळी परत ओट्यापाशी उभी. वय एकतीस, दोन मुलं. बसायला मिळालं की मला रडू यायचं, इतकी वाईट गत होती.

अशात माझी नणंद वैजयंती म्हणाली, "वहिनी, दहा दिवस रजा घेशील? नुसतं खुर्चीवर बसायचंय."

नुसतं बसायचंय! असं माझ्याशी लग्नानंतर कुणी बोललंच नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

वैजू आमच्याकडेच राहायची. अठ्ठावीस वर्षांची, आर्ट स्कूलमध्ये शिकलेली. खालच्या गॅरेजमध्ये मूर्ती करायची. मूर्ती म्हटलं की चिडायची. "शिल्प म्हण गं वहिनी, गणपती नाही करत मी." नातेवाईक लग्नाचं विचारून थकले होते आणि ती उत्तरं देऊन.

त्या वर्षी तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी मिळून आमच्या सेक्टरच्या नव्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. पाच जणींची चित्रं आणि शिल्पं. शेवटच्या रविवारी एक कमिटी येणार होती. नव्या बागेत कायमचं उभं करायला एक शिल्प निवडणार होती. वैजूचं निवडलं जाईल असं सगळेच म्हणत होते.

पण वैजूला हॉलमध्ये बसवतच नव्हतं.

जूनपासून तिचं डोकं दुखायचं. कपाळ नाही, मागचा भाग नाही... बरोबर टाळू. तेवढीच जागा, चोवीस तास. एक्स-रे झाला, चष्मा झाला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन. ऑक्टोबरात उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. छिन्नी हातातून पडायची. ती मला दाखवायची नाही, पण गॅरेजमधून लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज वर आमच्या घरात यायचा.

तिचा हात गेला असता तर तिच्याकडे दुसरं काय होतं? मला फार भीती वाटायची.

म्हणून मी खुर्चीवर बसले. अकरा ते सहा. किल्ली माझ्याकडे. समोर अभिप्रायाची वही.

मला चित्रांतलं काही कळत नव्हतं, हे खरं सांगते. एका बाईंनी मिठागरं काढली होती. नुसतं पांढरं. पहिल्या दिवशी वाटलं, रंग संपले असतील बिचारीचे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या पांढऱ्यात निदान सात पांढरे आहेत. सकाळचं मीठ वेगळं, उन्हातलं वेगळं. दुसऱ्या एका चित्रात फक्त स्वयंपाकाचा ओटा होता. माणूस नाही, भांडी नाहीत. कडेला ओल्या तळव्याचा एक ठसा. कुणीतरी नुकतंच टेकून उभं होतं आणि हाक आली म्हणून गेलं. ते चित्र बघून मी पदराने डोळे पुसले. माझ्या ओट्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि मधोमध वैजूचं शिल्प. खाली चिठ्ठी: 'वाटचाल'. सिमेंटमधलं, पुरुषभर उंचीचं. डोक्यावर घमेलं घेतलेली बाई.

तिची मान काय केली होती वैजूने! मानेच्या दोन शिरा ताणलेल्या, हनुवटी किंचित वर. डावा हात खाली आणि उजवा अर्धा उचललेला, घमेल्याच्या दिशेने. पण घमेल्याला न लागलेला. येणारे सगळे तिथे थांबायचे. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी वहीत लिहिलं, 'ओझे व मस्तक यांत फटच उरलेली नाही. अप्रतिम.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

तेव्हा आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसायचं फडकं सापडेना.

शोधलं. सापडलं... त्या बाईच्या पायाशी. पिळून, गोल गुंडाळून ठेवलेलं.

मला वाटलं, शाळेतल्या पोरांचे उद्योग. फडकं उचललं, टेबल पुसलं.

तिसऱ्या दिवशी डबा खाऊन हात धुवायला गेले. परत आले तर डब्याखालचा नॅपकिन नाही.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं होतं.

नॅपकिन तिच्या पायाशी होता. तसाच. पिळलेला, गोल.

त्या दुपारी साडेतीन वाजता मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

"हुं..."

एवढाच. जड काहीतरी उचलताना माणसाच्या छातीतून निघतो तसा. माझ्या पाठीमागून आला. मागे फक्त ती होती.

मग रेती सांडल्यासारखं... सर्रर्र. थोडीशीच.

मी फरशी पाहिली. फरशी कोरडी, स्वच्छ.

खोटं कशाला सांगू, घाबरण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. वर टाकी भरत असेल, असं म्हटलं आणि वहीत मान घातली.

चौथ्या दिवशी मी सोबत आणलेली वैजूची शाल. पाचव्या दिवशी पडद्याचा तुकडा, नीट फाडलेला. रोज साडेतीनला तो हुंकार. आणि माझ्या लक्षात आलं की हॉलच्या त्या भागात चिमण्या येत नाहीत. बाकी सगळीकडे घाण करून ठेवायच्या. त्या घमेल्याच्या काठावर एकही बसली नाही.

हॉल झाडायला भागीरथी नावाची बाई होती. मराठवाड्यातली, बहात्तरच्या दुष्काळात मुंबईकडे आलेली. आधी बांधकामावर घमेली वाहायची, गुडघे गेले म्हणून आता झाडलोट करायची. गुरुवारी तिने विचारलं, "ताई, आमच्या साइटीवरल्या बाया आनू का बगायला? की साहेब लोकांनाच हाय?"

"आण की," मी म्हटलं.

सहा जणी आल्या. अंगावर सिमेंटची धूळ, पाय बाहेर पुसून आत. मिठागराचं चित्र बघून एक म्हणाली, "ऊन लई लागतंय गं यात." मी दहा दिवसांत ऐकलेला सगळ्यात चांगला अभिप्राय तो होता. वहीत नाही कुणी लिहिला.

मग त्या वैजूच्या शिल्पासमोर आल्या.

आणि गप्प झाल्या.

कुणी छान म्हणेना. एकीने आपला हात स्वतःच्या टाळूवर ठेवला. मग दुसरीने. सहाच्या सहा बाया टाळूवर हात ठेवून उभ्या... आणि एकेक करून निघून गेल्या.

"काय झालं गं?" मी भागीरथीला विचारलं.

ती शिल्पाकडे बघत नव्हती. म्हणाली, "ताई, हिच्या डोक्यावर चुंबळ कुठंय?"

मी वर पाहिलं. इतके दिवस पाहत होते, पण आत्ता पाहिलं. घमेल्याखाली कापडाची वळी नव्हती. घमेल्याचं बूड थेट कवटीवर टेकवलेलं होतं. फटच उरलेली नाही...

"चुंबळीबिगर कुनी घमेलं घेतं का? दोन खेपांत टाळू फाटंल. येडी बाई बी घेनार न्हाई."

मी पायाशी पाहिलं. पडद्याचा गोल तुकडा अजून तिथेच होता. पिळलेला, वळलेला.



"ही गोजरा हाय," भागीरथी हळूच म्हणाली. "आमच्यातलीच. तुमच्या वैजूताईंकडं उबी ऱ्हायला यायची एप्रिलात. रोज एक ते साडेतीन."

"आणि आता कुठे असते?"

"मे म्हयन्यात परांचीवरनं पडली. जागीच गेली. चक्कर आली म्हनं." तिने झाडू भिंतीला टेकवला. "मला सांगायची ती. भागीरथे, त्या बाई चांगल्या हायेत, चा देत्यात, पर हात लावीत न्हाईत."

तुमच्यापैकी ज्यांनी ओझं वाहिलं नसेल त्यांना सांगते. भरलेलं घमेलं एकटीने डोक्यावर चढवता येत नाही आणि एकटीने धड उतरवताही येत नाही. समोरचीने हात लावायचा असतो. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा बाया म्हणतात, जरा हात लावा. आणि तो लावतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

त्या संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गेले. वैजू भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून.

"चुंबळ का नाही केलीस?"

तिने डोळे उघडले नाहीत.

"रेषा बिघडत होती," ती म्हणाली. "मानेपासून घमेल्यापर्यंत एक सलग रेषा हवी होती मला. म्हणून तिला चुंबळ काढायला लावली. आणि मानेच्या शिरा दिसाव्यात म्हणून घमेल्यात ओली रेती भरली."

"वैजू!"

"ती म्हणायची, बाई, हात लावा. मी म्हणायचे, पाच मिनिटं. रोज पाच मिनिटं, वहिनी. शेवटच्या दिवशी तिने हात वर केला, स्वतःच उतरवायला. मी ओरडले, तसाच ठेव! तसाच! तो हात इतका सुंदर होता..." ती आपली बधिर बोटं चोळत होती. "मी पाऊण तास तो हात केला. ती हललीसुद्धा नाही. मग ओझ्यासकट तशीच खाली बसली. चहा न घेता गेली. तिची चुंबळ इथेच राहिली. मी तिनेच अवजारं पुसली गं."

"आणि डोकं कधीपासून दुखतंय?"

"ज्या दिवशी घमेलं तिच्या डोक्याला जोडलं त्या दिवशी दुपारपासून." तिने बोटाने टाळूवर एक गोल काढला. "एवढंच. घमेल्याच्या बुडाएवढं."

मला तिचा राग आला. तिची दयाही आली. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी आम्ही भागीरथीला विचारलं. वैजू म्हणाली, मी नवी साडी फाडून चुंबळ करते, तिच्या पायाशी ठेवते, हात जोडते.

"खाली ठिवून काय उपेग, ताई? वर जागाच न्हाई. आदी घमेलं उतरवाया पायजे."

घमेलं वेगळं ओतून डोक्याला सिमेंटने जोडलं होतं, आत सळई घालून. ते काढायचं तर शिल्प फोडायचं.

वैजू घरी गेली.

रविवार. कमिटी चार वाजता येणार होती. तीनलाच हॉल बंद करून आम्ही तिघी आत थांबलो होतो. वैजूने हातोडी आणि छिन्नी आणली होती. भागीरथीने जुन्या लुगड्याची चुंबळ वळून आणली होती.

वैजू स्टुलावर चढली. छिन्नी जोडावर टेकवली.

घड्याळात तीन पंचवीस.

"वहिनी, असं दुसरं माझ्याकडून कधी होणार नाही," ती म्हणाली.

मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"कमिटी येऊन जाऊ दे. एकदा त्यांना बघू दे नुसतं. मग मी स्वतः फोडते. शप्पथ." ती स्टुलावरून उतरली. शिल्पाकडे पाहून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "थोडंच राहिलंय गं. पाच मिनिटं..."

ट्यूबलाइटची घरघर थांबली. दिवे चालूच होते. आवाज तेवढा गेला.

रस्त्यावरचा गेला. साइटवरचा गेला.

"हुं..."

या वेळी तिघींनी ऐकलं. भागीरथीने पदर तोंडात कोंबला. वैजू दोन्ही हातांनी टाळू धरून मटकन खाली बसली. नाकातून रक्ताची बारीक धार. उजव्या हाताची बोटं आत वळत चालली होती, मुडपल्यासारखी.

मला त्या क्षणी शूर वगैरे वाटलं नाही. फक्त इतकं वाटलं की ही बाई किती उभी राहिली. आणि उभं राहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मी स्टुलावर चढले. छिन्नी जोडावर धरली. एकच घाव घातला, तोही अर्धवट.

घमेलं सुटलं.

सळई असूनही सुटलं. फुटलं नाही, चरा उमटला नाही. मी हातोडी टाकून दोन्ही हातांनी पेललं. वीस किलो तरी असायला हवं होतं ते. पण सगळं वजन माझ्यावर आलंच नाही. समोरून कुणीतरी हात लावला होता.

आत ओली रेती होती. गार, नुकतीच भरल्यासारखी.

माझ्या कानाजवळ कुणीतरी श्वास सोडला. लांब. खूप लांब.

मग ट्यूबलाइट पुन्हा घरघरायला लागल्या आणि बाहेर कुणीतरी दार ठोठावलं.

कमिटी अर्धा तास आधी आली होती. त्यांनी पाहिलं ते असं: सपाट डोक्याची एक सिमेंटची बाई, हात अधांतरी. टाळूवर भागीरथीने नुकतीच ठेवलेली लुगड्याची चुंबळ. खाली रक्ताळलेल्या नाकाने बसलेली शिल्पकार. त्यांनी चहा घेतला आणि एका मैत्रिणीचं हरणाचं शिल्प निवडलं.

वैजूचं डोकं त्याच मिनिटाला थांबलं. बोटं संध्याकाळपर्यंत सरळ झाली. पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी करणार होते ना, वहिनी," एवढंच म्हणाली. "मला पाच मिनिटं दिली असतीस तर काय झालं असतं?" महिनाभरात ती पुण्याला गेली. शिल्प घेऊन गेली. सहा वर्षं आमच्याशी बोलली नाही. अरविंद अजून म्हणतो, तू तिचं नशीब फोडलंस. तसंही असेल. मी भांडत नाही त्याच्याशी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

ते घमेलं सापडलं नाही.

मी ते हातात घेतलं, रेती पाहिली, इथपर्यंत मला लख्ख आठवतं. खाली ठेवल्याचं आठवत नाही. वैजूला आठवत नाही. भागीरथी शपथेवर सांगायची की तुम्ही स्टुलावरून उतरला ते रिकाम्या हातांनीच. एवढं मोठं सिमेंटचं घमेलं. हॉल पालथा घातला आम्ही. मागचं गवत पाहिलं. फरशीवर रेतीचा कण नव्हता.

मी ते ठेवलं कुठे?

१९८८ साली अरविंदचं ऑपरेशन झालं तेव्हा वैजू आली. हात उत्तम चालत होता, नाव झालं होतं. केसांत दोन पांढऱ्या रेषा. दुपारी ती माझ्यासमोर बसली. मी तांदूळ निवडत होते.

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, शिल्पाकडे बघतात तशी. डोळे बारीक करून.

"वहिनी... मान अशी का धरलीयस?"

"कशी?"

"आणि हात?"

मी पाहिलं. माझा उजवा हात अर्धा वर उचललेला होता. डोक्याच्या दिशेने. कधी उचलला, मला ठाऊक नव्हतं.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

वैजूचा चेहरा उतरला. ती उठली. दोरीवरचा टॉवेल ओढला, पिळला, गोल वळला. पुढे येऊन माझ्या टाळूवर ठेवला. मग दोन्ही हात माझ्या डोक्याच्या वर हवेत नेले... आणि जड काहीतरी सावरून टेकवावं तसे सावकाश खाली आणले.

डोक्यावर काहीही नव्हतं. मी हात लावून पाहिलं.

तरी सहा वर्षांनी पहिल्यांदा टाळूवरचा दाब गेला, मला बरं वाटलं.

आता तो टॉवेल जुना झाला. दुसरे आले, गेले. दुपारी साडेतीनला मी जिथे असेन तिथे खाली बसते आणि डोक्यावर काहीतरी वळून ठेवते. घरातले हसतात. वैजू असेल तेव्हा ती हात लावते.

नसेल तेव्हा मी वाट बघते.